उंदीर म्हणालात म्हणून

काका, नमस्कार.

माझ्या सोरायसिसच्या, म्हणजे चट्टे उठणाऱ्या त्वचारोगाच्या, औषधचाचणीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘शिकल्यासवरल्या बाईनं कंपनीचा उंदीर व्हावं आणि वर मोफत उपचार मिळतात म्हणून चार लोकांना त्याच पिंजऱ्याची वाट दाखवावी!’ राग आला. दोन दिवसांनी परत वाचलं, तेव्हा त्यातला एक शब्द मात्र बरोबर जागी लागला. त्याच्याकडे येतेच.

खम्ममचा दाखला तुम्ही दिलात, तो खरा आहे. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात एका संशोधन-प्रकल्पात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस टोचली. खम्ममला कित्येक संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. औषधचाचण्यांचे आजचे नियम 2019 चे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई, दोन्ही प्रायोजकाच्या, म्हणजे चाचणी करवणाऱ्याच्या, गळ्यात. तुमच्यासारख्या संशयी माणसांनी आरडाओरडा केला, म्हणून माझं संमतीपत्र जाडजूड झालं. एवढं श्रेय घ्याच.

पण प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन, ही फसवणूक, हे मला पटत नाही. पहिले 16 आठवडे सुईत औषध असेल किंवा नुसतं पाणी असेल, डॉक्टरांनाही ते ठाऊक नसेल, हे मला सहीआधी सांगितलं होतं. संमतीपत्र मी घरी आणलं, नवऱ्याला मोठ्यानं वाचायला लावलं. माझ्या वाट्याला बहुधा पाणीच आलं. बाराव्या आठवड्यालाही कोपरं जशीच्या तशी होती. पुढे सगळ्यांना औषध मिळालं. आधी काय टोचलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

खरा त्रास सुईचा नव्हताच. तो त्याआधीच्या चार आठवड्यांचा होता, आणि त्याबद्दल मी लेखात एक ओळ लिहून पुढे गेले. जुन्या औषधाचा परिणाम अंगातून जावा म्हणून आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद केली. याला ते वॉशआउट म्हणतात. दहाव्या दिवसापासून चट्टे पेटले. सकाळी चादर झटकली की फरशीवर खपल्यांचा सडा. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या आधी उठून मीच केर काढायचे, त्यांना दिसू नये म्हणून. हा रोग शिवून लागत नाही, हे त्यांना मीच सांगितलं होतं, तरीही. काळा ब्लाऊज कपाटातच राहिला. तेव्हा दोनदा मनात आलं, सोडून द्यावं. सोडता येतं, काका, कुठल्याही दिवशी, कारण न देता. पिंजऱ्याला असं दार नसतं.

आता तो शब्द. ‘मोफत.’ तो मी लिहायला नको होता. टीबी गोल्ड ही क्षयाची रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, काविळीच्या चाचण्या यांचे पैसे पडले नाहीत, साताऱ्याहून स्वारगेटपर्यंतच्या एसटीचं भाडंही मिळालं. पण या तपासण्या भेट म्हणून नव्हत्या. अशी औषधं प्रतिकारशक्तीचा एक धागा दाबतात आणि अंगात झोपलेला क्षयरोग त्यानं जागा होऊ शकतो. म्हणून आधी बघतात. शिवाय चाचणी संपल्यावर औषध मिळेलच असं नाही. आज ते मला परवडत नाही, हेही लेखात यायला हवं होतं. ‘मोफत उपचार’ काढून मी तिथं ‘उपचार नव्हे, चाचणी’ असं केलंय.

पथ्याचं म्हणाल, तर वांगं सोडून मला अकरा वर्षं झाली. वांग्याला फरक पडला, सोरायसिसला नाही.

तुमच्या भाच्याला अशाच चाचणीसाठी विचारलंय, असं शेवटी लिहिलंत. त्याला जा म्हणणार नाही, जाऊ नको असंही नाही. संमतीपत्र मराठीत मागू दे. सीटीआरआय, म्हणजे देशातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक विचारू दे. 2009 पासून नोंद सक्तीची आहे, घरबसल्या बघता येते. कुठली गोळी किती आठवडे बंद करावी लागेल, हे आधी विचारायचं. मी नंतर विचारलं. आणि संमतीपत्रात एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीत माणसांचे हक्क जपले जातात ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, तो लावून बघायचा. मी एका दुपारी लावला होता. एका बाईंनी उचलला, आणि माझं ऐकता ऐकता त्या लिहून घेत होत्या. कागदाचा आवाज येत होता.