जरा बाजूला, काका

"काका, फ्रेमच्या बाहेर येता का जरा?"

फ्रेम म्हणजे माझ्याच घराची पायरी. माझ्या हातात मासळीची ठिबकणारी पिशवी, आणि पायरीवर एका होऊ घातलेल्या नवरीचा घागरा पसरलेला. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या वस्तीत, प्री-वेडिंगच्या फोटोंचा हंगाम बारमाही असतो.

"मी इथे राहतो," मी म्हणालो.

फोटोग्राफरचे डोळे चमकले. "खरंच? म्हणजे तुम्ही ऑथेंटिक! मग थांबा. खिडकीत बसाल? गिटार आहे?"

"पेटी आहे."

"व्हिंटेज?"

"सूर लागत नाहीत, म्हणजे असावी."

तो गंभीरपणे विचारात पडला. "नको, पेटीने मूड पोर्तुगीज राहत नाही. आणि भिंतीचा पिवळा जरा फिका वाटतोय, पण एडिटमध्ये गडद करू. रीलमध्ये टॅग करतो. तुमचा आयडी?"

मी आधार कार्ड काढून पत्ता मोठ्याने वाचला. नवरीने घागरा अर्धा आवरला. मी आडवा होऊन घरात शिरलो.

तो फिका पिवळा पावसाळा संपल्यावर मी स्वतःच्या पैशांनी मारला होता, हे मनातून जात नाही. १८४३ साली पणजी राजधानी झाली तेव्हापासूनचा थाट आम्ही सांभाळायचा आणि लाइक दुसऱ्यांनी मोजायचे. पलीकडच्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलमधला ख्रिस्त एकेकाळी इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. मान ताठ, डोळे उघडे. त्याने बरंच काही पाहिलंय, पण दारात पाठमोरी उभी राहून केस उडवणारी माणसं त्यालाही नवीन असावीत.

गर्दीचं मला वावडं नाही. इथे कला महोत्सव भरायचा तेव्हा लोकांनी आपणहून घरांच्या गॅलऱ्या केल्या होत्या. शेजारच्या मळा भागातल्या मारुतीच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानांपुढे पाय ठेवायला जागा नसते, तरी तिथे मला कोणी बाजूला हो म्हणत नाही. फार तर धक्का मारतात. इथे मात्र सुशोभीकरणाच्या नावाने रस्ता खणतात, फरशा बसवतात, पुन्हा खणतात, आणि वारसा क्षेत्र म्हणून दर्शनी भागाच्या डागडुजीलाही आम्ही परवानगीचे कागद घेऊन हिंडायचं. कौल गळतं ते मात्र कागदांची वाट न बघता.

बायको म्हणते, पायरीचं तासावर भाडं लावू. मी नको म्हणालो. भाडं लावलं की तो व्यावसायिक वापर ठरणार, आणि मग त्याचीही परवानगी काढा.