हात न लावता प्रॅक्टिकल

बारावीच्या पोरापोरींनो, कॉलेजात प्रयोगशाळा कुठं आहे याची चौकशी अजिबात करू नका. सांगलीच्या विश्रामबागेत क्लास लावलाय, कॉलेज फक्त हजेरीपुरतं, आणि ब्युरेटी (द्रावण थेंबाथेंबानं सोडायच्या काचनळ्या) कपाटात सुखानं झोपल्यात. त्यांना कशाला उठवायचं?

नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, अभ्यासक्रमात २०२४ पासून फिजिक्सला प्रायोगिक कौशल्यांचं वेगळं प्रकरण आलंय, केमिस्ट्रीतही प्रॅक्टिकलचं आहे. घाबरू नका. कौशल्य म्हटलं की त्याची पीडीएफ असतेच.

व्हर्नियरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ सेंटीमीटर, स्क्रूगेजचा ०.०१ मिलिमीटर. एवढं घोका, सेंटी कुणाचं नि मिली कुणाचं ते ऐन पेपरात ठरवा. झीरो एरर (उपकरण मुळात शून्यावरच नसण्याची चूक) पॉझिटिव्ह आली तर वजा करायची की मिळवायची? छापा-काटा करा. चुकलं तर चार गुण हुकतात, वर एक कापला जातो, एवढंच.

टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडून मोजणं) मात्र माझ्या जिव्हाळ्याचं. गरम ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये परमँगनेट सोडलं की पहिला थेंब हटून बसतो, रंग जाता जात नाही. मग काय होतं कोण जाणे (खरं तर तयार झालेलं मँगनीजच रिॲक्शनला पळवतं), पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. आणि शेवटी एकच थेंब असा पडतो की फ्लास्कभर फिकट गुलाबी रंग येतो आणि हलवला तरी जात नाही. हे ज्यानं केलंय, त्याला ‘इंडिकेटर (रंग बदलून शेवट दाखवणारं द्रव्य) कुठला?’ विचारलं तर तो हसतो, कारण वेगळा लागतच नाही. तुम्ही बिनधास्त फिनॉल्फ्थॅलीन ठोका. तेही गुलाबीच होतं की!

रीडिंगची चिंता नको. १०.२, १०.२, १०.२. ताईच्या जर्नलात हेच आहे, तिनं ज्याचं उतरवलं त्याच्याही जर्नलात हेच होतं. एक्स्टर्नल सरांनी चहा संपेपर्यंत सही केली. सांगलीचं पाणी बदललं, रीडिंग बदललं नाही.

परवा आमच्या आज्जीनं पातळावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला. डाग लालभडक. ‘अल्कलीत हळद लाल होते,’ असं काही ती म्हणाली नाही. ‘उन्हात टाकलं की जाईल,’ म्हणाली आणि पातळ पिळलं. हळदीच्या गावात आयुष्य गेलं, पण तिला नीट द्यायची नाही, म्हणून तिला असलं बघत बसायला परवडतं. तुम्ही दार लावा, व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवा. त्यात तो गुलाबी रंग यायला दीड सेकंद लागतो.