आमचा ड्रायव्हर वेगळा

उन्हाळी सुट्टीची बुकिंगं सुरू झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास वर येतो. सुरुवातीला लाल दिवे, शेवटी जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: 'पहलगामचं सत्य तुम्हाला कोणी सांगणार नाही. बैसरन बंद होतं, स्थानिकांनी गुपचूप उघडलं. घोडेवाल्यांनी ठरवून पर्यटकांना वर नेलं. झिपलाइनवाल्यानं घोषणा देऊन इशारा केला. गोळीबारानंतर एकही काश्मिरी मदतीला आला नाही, उलट घाबरलेल्या लोकांना टॅक्सीवाल्यांनी लुटलं. तिथे खर्च केलेला प्रत्येक रुपया गोळीत जातो. दहा जणांना पाठवा.'

एरवी मी असले मेसेज अंगठ्यानं वर सरकवते. या वेळी तो आला माझ्या मावशीकडून, आणि ही मावशी 22 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या हल्ल्याच्या दिवशी, स्वतः श्रीनगरमध्ये होती. म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे मला कोणी 'तुम्ही त्यांच्या बाजूच्या' म्हणायला नको. पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणावर त्या दुपारी पुरुषांना धर्म विचारून, कलमा म्हणायला लावून, बायकामुलांसमोर मारलं गेलं. 26 जण गेले. त्यांतले सहा महाराष्ट्रातले: पुण्याचे दोन, पनवेलचे एक आणि आमच्या डोंबिवलीचे तिघं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तिघांच्या अंत्यदर्शनाला भागशाळा मैदानाकडे जाणाऱ्या गर्दीत मीही होते. 'धर्म वगैरे काही विचारला नव्हता' असं सांगणारे मेसेजही फिरतात. तेही खोटे आहेत. जिवंत परतलेल्या बायकांनी आणि मुलींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं पुसून टाकायचा अधिकार कोणालाच नाही.

आता मेसेजकडे.

'बैसरन बंद होतं.' ही अफवा कुठल्या तरी रिकामटेकड्यानं उठवली असती तर सोडून दिलं असतं. पण तिचं मूळ दिल्लीत आहे. 24 एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीतून बाहेर पडलेल्या नेत्यांनी सांगितलं, की सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ते कुरण अमरनाथ यात्रेच्या सुमाराला उघडतं आणि या वेळी सुरक्षा यंत्रणांना न कळवता 20 एप्रिलपासूनच तिथे पर्यटक नेले जात होते. पहलगामच्या लोकांनी मात्र उलट सांगितलं: बैसरन वर्षभर चालू असतं, बंद होतं ते यात्रेच्या काळात आणि बर्फ फार पडलं तर. या दोन्हींतलं काय पटतं ते बघायला फार लांब जायला नको. आपल्याच नातेवाइकांचे फेब्रुवारी-मार्चमधले फोटो उघडा. काश्मीरला जाऊन आलेल्या निम्म्या मराठी घरांत त्या कुरणाचा, मागे देवदार आणि पुढे घोडा असा एक फोटो असतोच. हल्ल्याआधी दाराशी तिकीट फाडून आत सोडायचे. गुपचूप उघडलेल्या जागेचं तिकीट कोण फाडतं?

आणि समजा, परवानगीत काही गफलत असेलही. मग पहलगामपासून पाच-सहा किलोमीटर वर, जिथे गाडी जात नाही, फक्त चालत किंवा घोड्यावरून जाता येतं, तिथे शेकडो माणसं रोज जातायत हे खाली कोणालाच दिसलं नाही? 2019 नंतर तिथलं पोलीस खातं नायब राज्यपालांमार्फत केंद्राच्या हाती आहे, निवडून आलेल्या मुख्यमंत्र्यांच्या नाही. नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी जुलै 2025 मध्ये मुलाखतीत स्वच्छ कबूल केलं, की ही सुरक्षेतली चूक होती आणि तिची पूर्ण जबाबदारी माझी. ज्याची चूक तो कबूल करतोय, आणि आपण मात्र घोड्याचा लगाम धरणाऱ्याला पकडून बसलोय.

'घोडेवाल्यांनी ठरवून वर नेलं.' घोडेवाले वर नेणारच. तोच त्यांचा धंदा. माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरल्यावर घोडेवाला तुम्हाला पॉइंटवर नेतो, त्याला आपण कट म्हणत नाही. मेलेल्या 26 जणांत 25 पर्यटक होते. सव्विसावा पहलगाम भागातलाच घोडेवाला होता, मुसलमान. पाहुण्यांना वाचवायला तो बंदूकधाऱ्याच्या अंगावर गेला, असं प्रत्यक्षदर्शींच्या हवाल्यानं सगळीकडे छापून आलं. मेसेज लिहिणाऱ्यानं 26 हा आकडा घेतला आणि त्यातला हा एक माणूस गाळला.

झिपलाइनचा मुद्दा मात्र लोकांच्या मनात घट्ट बसलाय, कारण त्याचा व्हिडिओ आहे. अहमदाबादच्या एका पर्यटकानं सेल्फी स्टिकवर काढलेला, मिनिटभराचाही नाही. तो दोरावरून हसत सुटलाय आणि खाली माणसं धावतायत, एक जण कोसळतो, त्याला वर पत्ताच नाही. सोडण्याआधी झिपलाइनवाला 'अल्लाहू अकबर' म्हणतो. झालं! एनआयएनं, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेनं, आणि पोलिसांनी त्याला बोलावून चौकशी केली, प्राथमिक चौकशीत हल्ल्याशी संबंध दिसला नाही, आणि ते शब्द म्हणजे घाबरल्यावर तोंडातून निघालेले उद्गार, असं अधिकाऱ्यांनी सांगितल्याच्या बातम्या आल्या. आपल्याकडे माणूस दचकला की 'अरे देवा' म्हणतो. माझे वडील तर नुसतं खुर्चीत बसताना 'हरी हरी' करतात. रायफली घेऊन जंगलातून उतरलेल्यांना झिपलाइनवाल्याचा इशारा कशाला हवा होता, हा साधा प्रश्न व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्या कोणाला पडत नाही.

व्हिडिओवर विश्वास ठेवण्याबद्दल आणखी एक. हल्ल्यानंतर दोन दिवसांत एका नाचणाऱ्या जोडप्याचा व्हिडिओ 'शहीद नौदल अधिकारी आणि त्याच्या नवविवाहित पत्नीचे शेवटचे क्षण' म्हणून फिरला. मीही रडले तो बघून. मग ते दोघं समोर आले आणि म्हणाले, आम्ही जिवंत आहोत, हे आम्ही आहोत. ज्या मुलीच्या नावानं तो फिरला तिनं नंतर नवऱ्याच्या वाढदिवशी, रक्तदान शिबिरात, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवा, असं सांगितलं. तेव्हा तिच्यासाठी रडणाऱ्यांतल्याच काहींनी तिला इतकं घाण बोललं, की राष्ट्रीय महिला आयोगाला मध्ये पडावं लागलं.

'एकही काश्मिरी मदतीला आला नाही.' याला उत्तर देताना माझा हात थरथरतो, रागानं. पाठीवर जखमी मुलाला घेऊन चिखलातून खाली पळणारा शालवाला सगळ्या देशानं पाहिला. छत्तीसगडहून आलेल्या मुलाबाळांसह 11 जणांना त्यांच्या काश्मिरी गाइडनं सुखरूप बाहेर काढलं, हे त्याच कुटुंबांनी सांगितलं. कोचीच्या ज्या मुलीसमोर वडिलांना मारलं, ती दोन काश्मिरी ड्रायव्हरांबद्दल म्हणाली, मला तिथे दोन भाऊ मिळाले. बैसरनला रस्ता नाही हे लक्षात घ्या. हेलिकॉप्टर येईपर्यंत जखमींना खाली आणणारे कोण होते? घोडे आणि घोडेवालेच. 23 तारखेला अख्खं खोरं बंद होतं, वर्तमानपत्रांची पहिली पानं काळी. जम्मू-काश्मीर विधानसभेच्या खास अधिवेशनात मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला म्हणाले, की यजमान म्हणून पाहुण्यांना सुखरूप परत पाठवणं माझं काम होतं, ते मला जमलं नाही, माफी कोणत्या शब्दांत मागू. राजकारणी माणूस आहे, सगळं खरं धरू नका. पण असं उभं राहून किती जण म्हणतात?

टॅक्सीवाल्यांनी लुटलं, हे मात्र मी मावशीलाच विचारलं, कारण ती त्या गर्दीत होती. पार्श्वभूमी अशी, की 20 एप्रिलला रामबनजवळ ढगफुटी आणि दरडींनी जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडला होता. म्हणजे खाली उतरायचा मुख्य रस्ताच नाही, आणि हजारो माणसांना एकाच दिवशी विमानानं निघायचं. तिकिटं भडकली ती यामुळे. सरकारला विमान कंपन्यांना तंबी द्यावी लागली, जादा विमानं सोडावी लागली. 23 ला सकाळी सहा ते दुपारी बारा एवढ्या वेळात श्रीनगरहून 20 विमानं 3,337 प्रवासी घेऊन उडाली. दर वाढले ते विमानाच्या तिकिटांचे. टॅक्सीत काय झालं? मावशीच्या ड्रायव्हरनं पहाटे चारला फोन केला, काकी, उशीर करू नका, विमानतळावर रांग लागेल. वाटेत गाडी थांबवून घरून आणलेला रोटीचा पुडा दिला. पैसे घेतले नाहीत. मावशीनं जबरदस्तीनं सीटवर ठेवले, तर खिडकीतून तिच्या पिशवीत टाकले. तिच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट, दहा वेळा.

'प्रत्येक रुपया गोळीत जातो.' याला पुरावा शून्य, पण इथे एक गोष्ट लपवायची नाही. स्थानिक सगळेच निष्पाप होते असं मी म्हणत नाही. 22 जून 2025 ला एनआयएनं दोन स्थानिकांना अटक केली. हल्लेखोरांना हंगामी झोपडीत, तिथल्या भाषेत ढोकमध्ये, आसरा आणि जेवण दिल्याचा आरोप. दोन माणसं. 28 जुलैला श्रीनगरजवळच्या दाचीगामच्या जंगलात तिन्ही हल्लेखोर मारले गेले, आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी लोकसभेत ते तिघंही पाकिस्तानी असल्याचं सांगितलं. मृतदेह ओळखायला बोलावले ते आसरा देणाऱ्यांनाच. आता या दोघांचा हिशेब शालवाल्याच्या, शिकारा चालवणाऱ्याच्या, पहलगामच्या चहाटपरीच्या नावावर कसा काय मांडायचा? हल्ल्यानंतर 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद झाली. रोज घोडा फिरवला तरच चूल पेटणाऱ्याला याचा अर्थ काय, ते मेसेजवाल्याला कळायचं कारण नाही.

जायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. डोंबिवलीतल्या माझ्या दोन मैत्रिणी आता कधीच जाणार नाहीत, आणि मी त्यांना समजावायला जात नाही. भीतीला कारण आहे. पहलगामच्या भागात 1995 ला परदेशी ट्रेकर पळवून नेले, 2000 ला यात्रेच्या तळावर हल्ला झाला, मे 2024 मध्ये एका पर्यटक जोडप्याला गोळ्या लागल्या. 'पर्यटकांना कोणी हात लावत नाही' असं छातीठोक सांगणाऱ्या टूरवाल्यांनाही हा इतिहास माहीत असायला हवा होता.

हे सगळं मी मावशीला फोनवर ऐकवलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी मी विचारलं, मावशी, पहाटे चारला फोन करणारा तो कोण होता गं? काश्मिरीच ना?

'अगं, तो आमचा ड्रायव्हर वेगळा,' ती म्हणाली. मग थोडं थांबून, 'ईदला मेसेज करते मी त्याला.'