पनवती म्हणे!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. दुपारी नातेवाइकांकडे सगळे मॅच बघत बसलो होतो. भाची पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि नेमकी तेव्हाच विकेट पडली. "आली पनवती! जा गं आत." सगळे हसले. तीही हसली. नंतर मात्र दाराआडूनच विचारत होती, "ओव्हर संपली का? येऊ?"

चेष्टा होती, मान्य. पण चेष्टेला दुसरा शब्द मिळाला नाही?

पनवती म्हणजे शनीची पीडा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं, तीन राशींची मिळून साडेसाती. म्हणजे पत्रिका मानणाऱ्यांच्या हिशेबातही ती कधीतरी उतरते. पोरीला चिकटवलेली उतरते का? उद्या लग्न होऊन गेली आणि सासरी कुणाची नोकरी सुटली, की हीच 'पांढऱ्या पायाची'. बॉल आत वळला, बॅट आणि पॅडमध्ये ही एवढी फट होती, रीप्लेत स्पष्ट दिसलं. तरी दोष ट्रेवालीचा!

आणि हीच आपली मराठी एरवी किती जपून बोलते! बांगडी फुटत नाही, 'वाढवते'. नारळ फोडत नाही, वाढवतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, वाढवलं जातं. 'जाते' म्हटलं की आजी दारातून ओरडायची, "येते म्हण गं!" मला हे सगळं मनापासून आवडतं, उगाच नाही म्हणणार नाही. पण काचेच्या बांगडीला लागेल असं न बोलणारी माणसं पोरीला दाराआड उभी करतात, हे मला कळत नाही.

शकुन म्हणजे संस्कृतात मुळात पक्षीच. शकुंतलेचं नावही पक्ष्यांवरूनच, त्यांनी सांभाळलेली म्हणून. भारद्वाज दिसला की शुभ, टिटवी ओरडली की अशुभ. अहो, तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात, ती ओरडणार नाही तर काय करणार? घुबडाचं तर विचारूच नका. लक्ष्मीचं वाहनही तेच आणि अभद्रही तेच. एकदा काय ते ठरवा!

आता खाली "एवढं काय मनावर घेतेस" येईलच. घेते. पुढच्या मॅचला हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याला पाणी आणायला आत पाठवणार आहे. आणि विकेट पडली तर ओव्हर संपेपर्यंत बाहेर यायचं नाही.