माकडांना आचारसंहिता कोण सांगणार?

2024 च्या एप्रिलमध्ये कुडाळहून काकांचा फोन आला. लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि बागेत काजू ऐन भरात होते. "बाय, बंदूक पोलीस स्टेशनात ठेवन इलंय. आता माकडांका आचारसंहिता कोण सांगतलो?"

काकांची एकनळी बंदूक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आहे. आजोबांच्या नावावरची पुढे काकांच्या नावावर झाली. तिने माणूस सोडाच, डुकरंही फारशी मारलेली नाहीत. मोठा आवाज काढणे हेच तिचं मुख्य काम. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते, पावती मिळते, निकालानंतर परत. त्या वर्षी हे दोनदा झालं. लोकसभेला काजूच्या हंगामात आणि विधानसभेला ऑक्टोबरात, भात कापणीला आलेलं असताना. आमच्या घरच्या ग्रुपवर तेव्हा जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एक चुलतभाऊ म्हणतो, शेतकऱ्याची बंदूक काढून घेता आणि गुंडांचे कट्टे मोकळे. दुसरा म्हणतो, गप्प बस, नाहीतर आपली अमेरिका होईल. मग दोघे मिळून मला विचारतात, "तू सांग, तिकडे काय?"

तिकडे म्हणजे न्यू जर्सीत. इथेच माझी पहिली अडचण सुरू होते, कारण या प्रश्नात 'अमेरिका' असं काही एक नसतंच. माझ्या राज्यात हँडगन घ्यायची तर आधी पोलिसांकडून ओळखपत्र आणि खरेदीचा परवाना लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, दोन जामीनदारांसारखी माणसं लागतात. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की खरेदीचा परवाना हा प्रकारच नाही. दुकानात पार्श्वभूमीची तपासणी होते, तेवढीच.

त्या दोन माणसांपैकी एक मी एकदा झाले. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास भारतीयांच्या घरांतून सोनं चोरीला जाण्याच्या बातम्या फिरत होत्या, आणि मैत्रिणीच्या नवऱ्याने पिस्तूल घ्यायचं ठरवलं. मला ईमेलवर प्रश्नावली आली. हा दारू पितो का, किती? मानसिक आजार? घरात मारहाण? मी फॉर्म दोन दिवस उघडून बसले. नवऱ्याला मी गणपतीतल्या आरतीपुरती ओळखते, ओळख खरी बायकोशी. शेवटी तिला फोन करून सरळ विचारलं, तुला हे घरात हवंय का? ती थांबली, मग म्हणाली, "कुलपात ठेवणार असेल तर." एवढं ऐकून मी फॉर्म भरला. काकांच्या नूतनीकरणाच्या वेळी काकूला असं कोणीही कधीच विचारलेलं नाही.

बंदूक एकदा घरात आल्यावर माणूस बिघडला तर काय, याचं उत्तर कनेक्टिकट राज्याने 1999 मध्ये पहिल्यांदा कायद्यात लिहिलं. आदल्या वर्षी तिथल्या लॉटरी खात्याच्या मुख्यालयात एका कर्मचाऱ्याने चार वरिष्ठांना गोळ्या घातल्या होत्या. बोलीभाषेत याला 'रेड फ्लॅग' कायदा म्हणतात. न्यू जर्सीत तो 1 सप्टेंबर 2019 पासून आहे. घरचा माणूस किंवा पोलीस न्यायालयात अर्ज करतो, न्यायाधीशाला धोका पटला तर बंदुका लगेच तात्पुरत्या काढून घेतल्या जातात, आणि दहा दिवसांत समोरच्याला बाजू मांडायला सुनावणी मिळते. त्याचं ऐकून न घेता पहिला हुकूम निघतो, हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. म्हणून ते दहा दिवस मला कायद्याइतकेच महत्त्वाचे वाटतात.

गावी लोकांना वाटतं की असे कायदे शाळांतल्या गोळीबारासाठी आहेत. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. 2022 मध्ये एकूण 48 हजारांवर मृत्यू झाले, त्यांत सुमारे 27 हजार आत्महत्या. ड्यूक विद्यापीठाच्या जेफ्री स्वॉन्सन यांनी कनेक्टिकटच्या प्रकरणांचा अभ्यास करून अंदाज मांडला की अशा दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली असावी. म्हणजे हा कायदा बहुतेक वेळा रात्री दोनला स्वयंपाकघरात एकट्याने बसलेल्या माणसासाठी असतो.

सगळी राज्यं हे मानत नाहीत. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेल्यावर 2018 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनीच असा कायदा सही केला. ओक्लाहोमाने 2020 मध्ये उलटा कायदा केला, की आमच्या राज्यात कोणत्याही गावाने असलं काही आणायचंच नाही. मेन राज्याने मधला मार्ग काढला होता: घरच्यांनी थेट न्यायालयात जायचं नाही, आधी पोलिसांनी माणसाला ताब्यात घ्यायचं, मग वैद्यकीय तपासणी, मग न्यायाधीश. ऑक्टोबर 2023 मध्ये लुइस्टनला 18 जण मेले. मारेकऱ्याबद्दल घरच्यांनी आणि लष्कराच्या राखीव दलातल्या सहकाऱ्यांनी आधीच सावध केलं होतं. त्याला ताब्यात घ्यायला पुरेसं कारण पोलिसांकडे होतं, असं चौकशी आयोगाने नंतर म्हटलं. नोव्हेंबर 2025 मध्ये मतदारांनी घरच्यांना थेट न्यायालयाचं दार उघडून दिलं.

आता आमच्याकडे पाहा. बंदूक काही काळ काढून घेणं ही अमेरिकेत न्यायालयापर्यंत भांडायची गोष्ट, आणि सिंधुदुर्गात ती पावतीवर होते. पण ती होते सरसकट. निवडणूक आयोगाच्या सूचना सांगतात की जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या समितीने परवान्यांची छाननी करावी. मुंबई उच्च न्यायालयानेही सरसकट जमा करण्याविरुद्ध निकाल दिला आहे. तरी काका दर निवडणुकीत रांगेत असतात. कारण माणूस तपासण्यापेक्षा बंदुका मोजणं सोपं.

आणि जिथे माणूस तपासायला हवा होता तिथे? डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीडमध्ये बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याची चर्चा झाली, आणि गुन्हे दाखल असलेल्यांकडेही ते असल्याचं निघालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. 1959 च्या शस्त्र कायद्याचं सतरावं कलम परवाना निलंबित करू देतं, पण ते मुख्यतः परवाना देणाऱ्याच्या हातात. नवरा रात्री कपाटाची किल्ली शोधतोय, हे बायकोने कोणत्या न्यायाधीशाला सांगायचं आणि किती दिवसांत ऐकलं जाईल, याचा रस्ता त्यात नाही.

कट्ट्यांचं भावाचं म्हणणं मात्र खरं आहे. गावठी कट्टे बनवण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या, जळगावच्या सीमेवरच्या उमर्टीचं नाव दर दोन-चार महिन्यांनी बातमीत येतं. त्यावर परवान्याचा कायदा चालत नाही, तसंच न्यू जर्सीसारख्या कडक राज्यात गुन्ह्यात सापडणाऱ्या बहुतेक बंदुका बाहेरच्या राज्यांतून येतात. पण काकांची बंदूक दोन महिने ठाण्यात ठेवून उमर्टीचा एकही कट्टा कमी होत नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे तुमच्याथंय इलेक्शनाक बंदुको जमा करणत नाय?"

नाही, म्हटलं. मतदान केंद्रात न्यायची बंदी, बाकी घरीच.

"मगे थंय माकडां नसतली," काका म्हणाले, आणि काजूचा दर सांगू लागले.