आधी शांतता की आधी कॉलेज? (फौजी काकांना उत्तर)

काका, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली पण उत्तर मुद्दाम आज देतोय, रात्री दिलं असतं तर भांडण झालं असतं :)

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की भारत-पाकची मुलं एका कॉलेजात शिकली तर वैर कमी होईल. काका म्हणतात हे सगळं पंख्याखाली बसून सुचतं, डेहराडूनच्या आयएमएच्या (लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी) 1932 च्या पहिल्याच बॅचमधे माणेकशॉ आणि महंमद मूसा एकत्र होते आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानी लष्कराचे प्रमुख कोण, तर हेच मूसा. आधी शांतता करा, मग कॉलेजं काढा.

मूसांचं पटलं. 'वैर कमी होईल' हे मी फार घाईत लिहून टाकलं, बॅचमेट समोर आहे म्हणून कोणी रणगाडा मागे घेत नाही. पण काका, 1932 ला पाकिस्तान हे नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं, ती अकादमी एकाच सैन्यासाठी काढलेली. भांडणारे दोन देश मुद्दाम एका वर्गात बसवलेत असं ते नव्हतंच.

तसं जिथे केलं तिथलं बघा. जर्मनीचा सारलँड, कोळशाचा मुलूख, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात. तिथे 1948 मधे नान्सीच्या फ्रेंच विद्यापीठाच्या मदतीने नवीन विद्यापीठ निघालं, शिकवणं जर्मन आणि फ्रेंच दोन्हीत. म्हणजे प्रश्न पेटलेला असतानाच. फ्रेंचांचं मन मोठं होतं असं अजिबात नाही हं, त्यांना कोळसा हवा होता आणि तिथली माणसं आपल्याकडे ओढायची होती. ते काही जमलं नाही, 1955 ला लोकांनी फ्रान्सला हवा असलेला तोडगा मतदानात उडवून लावला आणि 1957 ला सारलँड जर्मनीत गेलं. विद्यापीठ मात्र राहिलं! फ्रान्स-जर्मनीच्या मैत्रीचा एलिझे करार त्यानंतर, 1963 चा. आणि दोन्ही देशांच्या डिग्र्या एकदम देणारं जे फ्रेंच-जर्मन विद्यापीठ 1999 ला सुरू झालं त्याचं ऑफिस त्याच सारब्र्युकेन गावात आहे. तर 'आधी शांतता' हा क्रम तिथे तरी तसा नव्हता.

आपल्याकडे दिल्लीचं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे, सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेतल्या आठ देशांचं, 2010 पासून. मागच्या लेखात मी त्याला 'यशस्वी' म्हटलं होतं, तो शब्द मागे घेतो. सार्कचीच शेवटची शिखर परिषद 2014 ला झाली, आणि 2022 मधे आपल्या यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) सांगून टाकलं की पाकिस्तानात डिग्री घ्यायला जाऊ नका, ती इथे चालणार नाही. व्हिसाच मिळत नसेल तर वर्ग कितीही चांगला असो, बसणार कोण.

आता घरचं सांगतो. 2009 ला आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी वरच्या खोलीत एमएसयूला (इथलं सयाजीराव विद्यापीठ) शिकणारे दोन श्रीलंकन भाडेकरू होते, एक सिंहली, एक जाफन्याचा तमिळ. देश एकच म्हणाल, पण 26 वर्षं युद्ध चाललेलं. मे महिन्यात तमिळ बंडखोरांचा म्होरक्या प्रभाकरन मारला गेल्याची बातमी आली तेव्हा सिंहली मुलगा खाली आमच्याकडे टीव्ही बघत होता. त्याने न विचारता आवाज बंद केला. तमिळ मुलगा जेवायला खाली उतरलाच नाही. आईने ताट वाढलं ते सिंहली मुलगा वर घेऊन गेला, दार उघडेना म्हणून तिथेच पायरीवर बसून राहिला, वरणावर साय धरली तरी. आईने मला हाक मारून खाली बोलावलं, 'त्यांचं त्यांना बघू दे'. सकाळी ताट धुऊन ओट्यावर ठेवलेलं होतं. कोणी खाल्लं विचारलं नाही.

त्यांची मतं बदलली असं मी म्हणणार नाही, नंतर कडाकडा भांडायचे ते, कुकर मात्र दोघांत एकच.

रविवारी मांडवीकडे या ना काका, शेवउसळ माझ्याकडून. मूसांवर अजून काय वाचलंय तेही सांगा, आणि वरची तिखट तर्री जास्तीची मागून ठेवतो, तुम्हाला तिखट लागतं हे लक्षात आहे.