बघायला यूट्यूब ठीक, पण डाउनलोडला?
ऑनलाइन व्हिडिओंवरच्या एका लेखात म्हटलंय की व्हिडिओ बघायला आणि उतरवून घ्यायला लोकांची पहिली पसंती यूट्यूबच. बघण्यापुरतं पटलं, 2005 पासूनचा एवढा साठा दुसरीकडे कुठे मिळणार! डाउनलोडचं मात्र तसं नाही. अ‍ॅपमधलं बटण दाबलं तरी फाइल आपल्या हाती येतच नाही, व्हिडिओ त्या अ‍ॅपमध्येच चालतो आणि बरेच दिवस नेट जोडलं नाही तर तोही बंद पडतो. त्यापेक्षा मला इंटरनेट अर्काइव्ह, म्हणजे जुने चित्रपट, पुस्तकं वगैरे मोफत जपून ठेवणारी साइट, कितीतरी आवडते. स्वामित्वहक्क संपलेले जुने चित्रपट तिथे चक्क एमपीफोर फाइलमध्ये मिळतात. पेनड्राइव्हवर घ्या, कुठेही लावा. व्हिमिओ या व्हिडिओ साइटवरही, व्हिडिओ टाकणाऱ्याने परवानगी दिली असेल तर, डाउनलोडचं बटण दिसतं. ‘लिंक टाका, व्हिडिओ घ्या’ छापाच्या साइटींपासून मात्र कृपया लांब राहा, तिथे खऱ्या बटणाभोवती जाहिरातींची खोटी बटणं पेरलेली असतात.